अंगठ्याच्या बाजूने

बापूनगर, जयपूर
४ जानेवारी १९६५

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण गुडघा फुटलाय म्हणून उभ्यानेच घालते. चालवून घे.

गुडघा कसा फुटला? आबांना सांगितलंय, सायकल घसरली. तुला खरं सांगते, कारण हे पत्र वाचून तू चुलीत घालशील याची मला खात्री आहे. परवा केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल लांबलं. जानेवारीत इथे सहालाच अंधारतं, आणि टोंक रोडवर आमच्या वळणापर्यंत ना घर ना दुकान. पलीकडे झालान्याच्या डोंगरात बिबट्या आहे म्हणून त्या वेळेला माणूस दिसत नाही. बिबट्या नाही आला, सायकलवाला आला. मागून त्याने माझं कॅरियर धरलं. मी पाय टेकवला तर मनगट धरलं, आणि हसला. मी झटापट केली आणि पडले. तेवढ्यात समोरून उंटगाडी आली, तेव्हा तो आरामात पायडल मारत निघून गेला.

आत्या, भीती वाटली तिचं मला काही नाही. संताप ह्याचा येतो की माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही! कॉलेजच्या डिबेटमध्ये ढाल जिंकणारी मी, आणि साधं "छोडो" म्हणता येईना! मतलब, घरी आल्यावर मी मोरीचं दार लावून नळ सोडला आणि तेव्हा ओरडले. त्याचा काय उपयोग?

आता खरी गोष्ट ऐक. गेल्या महिन्यात शेजारच्या माथुरसाहेबांच्या मुलीला कुणीतरी त्रास दिला, तर तिचं कॉलेजच बंद झालं. त्या दिवशी जेवताना आबा म्हणाले, "आपल्याकडे असं काही झालं तर मी चर्चा करणार नाही. परीक्षा झाली की अलका कोल्हापूरला, ताईकडे. तिथं आपली माणसं आहेत." तुझ्याकडे यायला मला आवडतं, पण कायमची पाठवणी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आधी कॉलेज, मग दिवाळीला "स्थळ चांगलं आहे", आणि माझी केमिस्ट्री गेली उडत. मला बी.एस्सी. इथेच पुरी करायची आहे, आणि त्याच रस्त्याने सायकलवरून जाऊन करायची आहे!

तेव्हा तू मला लाठी शिकव. पोस्टाने. हसू नकोस. अख्ख्या कोल्हापुरात तुझ्यासारखी लाठी फिरवणारी बाई नाही असं आबाच सांगतात.

तुझी,
अलका


कोल्हापूर
९ जानेवारी १९६५

चि. अलकास,

अनेक आशीर्वाद, आणि त्या सायकलवाल्याला त्याहून जास्त शिव्या. त्या कागदावर लिहिण्यासारख्या नाहीत, पण दिल्यात.

पत्र वाचून माझं रक्त असं उसळलं की शाळेत जाऊन आधी तासभर लाठी फिरवली, मग वर्ग घेतला. पोरी म्हणाल्या, "बाई, आज काय झालंय तुमास्नी?" काय सांगू त्यांना! पोरी, तू रडत बसली नाहीस, शिकायचं म्हणालीस, ह्यातच मी तुझी आत्या असल्याचं सार्थक झालं.

आता नीट ऐक. काठी आपल्या कानाच्या पाळीपर्यंत उंच हवी, बांबू भरीव हवा. आधी सलामी. सलामी चुकली तर पुढचं सगळं चुकतं. मग पवित्रा: डावा पाय पुढे, गुडघा सैल, नजर समोरच्याच्या छातीवर. मग शिरवार, मग कमरेचा वार, मग फिरकी. सोबत चित्रं काढून पाठवतेय. माझी चित्रकला बघून हसू नकोस, पायांकडे लक्ष दे. रोज गच्चीवर सराव कर. आपलं पोरींचं लाठीपथक शिवजयंतीच्या मिरवणुकीत पुढे चालतं तेव्हा रस्ता आपोआप मोकळा होतो, ते तू लहानपणी पाहिलंयस.

विष्णूला, तुझ्या आबांना, मी काही बोलत नाही. पण एक सांगू? इकडेच ये ना. माझं घर एवढं मोठं, मी एकटी. स्थळंबिळं मी दारात उभी करणार नाही. तू पथकात पुढे आणि मी मागे, काय शोभा येईल!

तुझी आत्या,
तारामती


बापूनगर, जयपूर
२४ जानेवारी १९६५

ती. आत्या,

तुझं पत्र आलं नेमकं संक्रांतीच्या सकाळी. इथे संक्रांत म्हणजे अख्खं जयपूर गच्चीवर आणि आभाळात पतंगच पतंग. मला धीर कुठला? मच्छरदाणीचा बांबू काढला, सलामी दिली, पवित्रा घेतला, आणि फिरकीला माथुरांच्या पतंगाचा मांजा माझ्या लाठीत! सगळ्या गच्च्यांवरून एकच आरोळी, "वो काटा!" माथुरसाहेबांचा पतंग गेला झालान्याकडे, आणि माथुरीणबाईंनी आईला विचारलं, "बहनजी, ये मराठों का कोई त्योहार है?"

पण आत्या, मी सोडलं नाही. आठवडाभर लाठी घेऊन कॉलेजला गेले. सायकलच्या दांडीला बांधली तर हँडल वळेना. पाठीला बांधली तर प्रयोगशाळेच्या दारात आडवी अडकले आणि मागे अख्खा वर्ग खोळंबला. सरांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, पडद्याची काठी. गच्चीवर सरावाला त्या सायकलवाल्याच्या जागी आता आई असते. हो, आईला कळलंय. मी काही बोलले नव्हते. गुडघ्याला हळद लावताना तिने मनगटावरचे वळ बघितले, आणि संक्रांतीनंतर गच्चीवर येऊन म्हणाली, "कुणी धरल्याशिवाय कसं शिकशील? मी धरते." तर आई मागून येऊन मनगट धरते आणि मी लाठी उचलायला वाकते. वाकले की गेले! दर वेळी! रागावू नकोस, पण सलामी होईपर्यंत तो थांबेल का?

मग मी एन.सी.सी.त गेले. चीनच्या लढाईपासून मुलींनाही रायफल देतात. काय सांगू तुला ती मजा! पोटावर झोपायचं, श्वास धरायचा, आणि खांद्याला दणका! निशाणाच्या कागदाला पहिल्याच दिवशी भोक पाडलं. तो कागद मी उशीखाली ठेवलाय. पण परेड संपली की रायफल कोठारात आणि कोठाराला कुलूप. मी सहाला प्रॅक्टिकलहून निघते तेव्हा माझं शस्त्र कुलपात आणि मी टोंक रोडवर. वरातीमागून घोडं!

आणि परवा मैत्रिणीबरोबर इथल्या चौडा रास्ता बाजारात एका "प्रोफेसर"कडे गेले. भिंतीभर जाहिरात: जपानी कुस्ती, स्त्रियांसाठी खास, एका महिन्यात निर्भय. प्रोफेसरांनी हाताने कौल फोडलं आणि एका पठ्ठ्याला हवेत उडवलं. मैत्रीण टाळ्या पिटत होती. पण मी आबांची मुलगी आहे. आबा ए.जी. ऑफिसात ऑडिट करतात आणि घरी जेवतानाही ऑडिटच करतात. ते नेहमी सांगतात, "कळवून गेलं की सगळी दफ्तरं चोख असतात. न कळवता जावं. आणि समोर मांडलेलं बघू नये, कोपऱ्यातलं बघावं." म्हणून मी दुसऱ्या दिवशी न कळवता गेले. तो पठ्ठ्या प्रोफेसरांचा हात लागायच्या आधीच उडत होता! मी म्हटलं, सर, मला मागून असं धरलं तर? आणि मैत्रिणीला सायकलसकट मला धरायला लावून दाखवलं. प्रोफेसर म्हणाले, "असं कोणी पकडत नाही."

असं कोणी पकडत नाही! आत्या, मी इतकी हसले की मैत्रिणीने मला ओढत बाहेर आणलं.

तर शोध चालूच आहे. पण आता मला कळलंय काय शोधायचं.

तुझी,
अलका


कोल्हापूर
३० जानेवारी १९६५

चि. अलकास,

आशीर्वाद.

लाठी पडद्याची काठी झाली हे वाचून बरं वाटलं नाही. माझ्या गुरूंनी मला ती हातात दिली तेव्हा घराघरांतून दगड आले होते, की पोरीबाळींनी हे काय मांडलंय. तरी मी शिकले आणि पोरींना शिकवलं. दोष लाठीचा नसतो, सरावाचा असतो. नाचता येईना अंगण वाकडं.

तुला जिथे शिकायचं तिथे शीक. जपून राहा.

तारामती


बापूनगर, जयपूर
११ फेब्रुवारी १९६५

माझ्या रागावलेल्या आत्या,

एक तर तू मला माफ कर, नाहीतर लाठीने मार. पण आधी हे वाच, कारण मला सापडलं!

आईला हळदीकुंकवाला डॉ. प्रतिमा देवधर भेटल्या. मूळच्या साताऱ्याच्या, इथे मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवतात. रात्रपाळीला जाणाऱ्या नर्सना त्या होस्टेलच्या जेवणघरात संध्याकाळी स्वसंरक्षण शिकवतात, बाकं भिंतीला लावून. मी अर्थात न कळवता गेले. आणि ह्या वेळी मी सर्वांत तयारीच्या मुलीकडे बघितलंच नाही. कोपऱ्यातली बघितली. विभा म्हणून एक नर्स आहे, काडीसारखी, आणि तिला सारखं हसू येतं. मी ठरवलं, ही सुटली तर हा क्लास खरा.

पकडणारा कोण? डॉक्टरीणबाईंचे यजमान, नंदकिशोर देवधर, बँकेतले अधिकारी. अंगाला पुढून एक आणि मागून एक जयपुरी रजई सुतळीने बांधलेली, डोक्याला मफलर, त्यातून फक्त चष्मा दिसतो. हा भला मोठा गुलाबी फुलांचा माणूस मागून आला, विभाचं मनगट धरलं, आणि ती हसता हसता "छोड!" म्हणून अशी किंचाळली की भांडी घासणाऱ्या बाईच्या हातून पातेलं पडलं. आणि सुटली! मी परत बघितलं. परत सुटली. देवधरकाका दमले, ती नाही दमली.

मी विचारलं, हे कसं? डॉक्टरीणबाईंनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "बघ, चार बोटं एका बाजूला, अंगठा एकटा दुसऱ्या बाजूला. मूठ कितीही दणकट असो, उघडते ती तिथेच. जोर लावून ओढू नकोस. अंगठ्याच्या बाजूने वळव आणि काढ." आणि आत्या, हात निघाला! इतका सोपा निघाला की मला रडूच आलं.

त्यांचे नियम ऐक. सलामी नाही. गणवेश नाही. रस्त्यावर जशी असतेस तशी ये, साडी, चपला, हातात पुस्तकं, सगळ्यासकट. पहिला धडा ओरडण्याचा. आम्ही सगळ्या चांगल्या घरच्या, आवाज न चढवायला शिकलेल्या. पहिल्या दिवशी माझा आवाज मांजरीएवढा निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात नंतर. आधी गळा." आणि त्या खोटं बोलत नाहीत, हे मला सर्वांत आवडलं. एकीने विचारलं, चाकू असला तर? म्हणाल्या, "पर्स फेक आणि पळ. तिघं असले तरी पळ. आपल्याला कुस्ती जिंकायची नाही, घरी पोचायचंय." प्रोफेसर महिन्यात निर्भय करणार होते. ह्या म्हणतात, भीती राहू दे, ती पाय लवकर उचलते.

आणि सर्वांत मोठी बातमी, आबांची परवानगी मिळाली! ते स्वतः डॉक्टरीणबाईंना भेटले, फी विचारली, वेळ विचारली, आणि हो म्हणाले. आता चोरूनमारून काही नाही. आई घरी माझ्याकडून सराव करून घेते. क्लासात शिकलेलं मी तिला सांगते आणि ती मला धरते, स्वयंपाकघरात, जिन्यात, कपडे वाळत घालताना. काल तर पोळी लाटता लाटता धरलं. तव्यावरची पोळी जळाली, पण मी सुटले!

आता तरी बोल माझ्याशी.

तुझीच,
अलका


कोल्हापूर
१८ फेब्रुवारी १९६५

लाडक्या अलकास,

बोलते, बोलते. पत्र येईपर्यंत मी तोंड फुगवून बसले होते, आणि वाचल्यावर मला बसवेना.

म्हटलं, ह्या पोरीला दाखवून द्यावं की माझ्या पोरी काही कमी नाहीत. पथकातली सर्वांत तयारीची विनया. शाळा सुटल्यावर ती पिशवी घेऊन फाटकातून निघाली. मी घोंगडी पांघरून फाटकामागे दबा धरून बसले होते, ह्या वयात! मागून जाऊन तिचा हात धरला. पोरगी दगड झाली. पिशवीतली वांगी रस्ताभर. मग भानावर आली आणि वळली, कशासाठी? लाठी शोधायला! लाठी वर्गाच्या कोपऱ्यात. मी घोंगडी काढली आणि हात सोडला, तर पोरीने मला सलामी दिली.

अलके, मी फाटकातच बसले आणि पोट धरून हसले. विनयाही हसली, मग रडली. मग मी तिला जवळ घेतलं. घरी येऊन विचार केला. लाठी मी सोडणार नाही. तिने मला ताठ उभं राहायला शिकवलं आणि पोरींनाही शिकवते. पण मिरवणूक वेगळी आणि अंधारातली वाट वेगळी. हे कबूल करायला तुझ्या आत्याला काही लाज वाटत नाही.

आता तू मला शिकव. पोस्टाने! अंगठ्याचं पक्कं समजलं. मागून कमरेला धरलं तर काय? वेणी धरली तर? आमच्या पोरींच्या वेण्या लांब आहेत. सगळं चित्रं काढून पाठव, आणि तुझी चित्रं माझ्यापेक्षा बरी असली तर बरं.

विष्णूला आजच वेगळं पत्र टाकलंय, शाबासकीचं. माझा भाऊ एवढा समजूतदार निघेल असं मला वाटलं नव्हतं.

तुझी,
आत्या


बापूनगर, जयपूर
२ मार्च १९६५

ती. ताईस,

विष्णूचा नमस्कार. खुशाली ठीक. ऑफिसचं वर्ष संपत आलंय, काम फार.

तुझ्या पत्रात वाक्य आहे: "त्या सायकलवाल्याच्या प्रकारानंतर पोरीला घरात न कोंडता शिकायला पाठवलंस, शाबास." मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. कोणता सायकलवाला, ताई?

मला कुणीही काही सांगितलेलं नाही. मुलीने नाही, तिच्या आईने नाही, तू नाहीस. मी परवानगी दिली ती व्यायामाच्या वर्गाला. आता अलकाने सगळं सांगितलंय. माझ्या मुलीचा हात कुणी धरला आणि मी त्या रात्री शेजारच्या खोलीत बसून आकडे तपासत होतो, हे मला सहन होत नाही. मी कुणावर ओरडलो नाही. मला ओरडता येत नाही.

अलका म्हणते, "मी शिकलेय, आता मला काही होणार नाही." शिकली असेल. देवधरबाई सज्जन आणि हुशार आहेत. पण जन्मभर माझं काम एकच, पुरावा मागण्याचं. इथे पुरावा काय? शिकलेलं उपयोगी पडतं हे सिद्ध व्हायचं तर तसाच प्रसंग पुन्हा यायला हवा, आणि तो तर मला नकोच आहे. मग मी कशाच्या भरवशावर तिला रोज त्या रस्त्याने पाठवू?

म्हणून ठरवलं आहे. परीक्षा आटोपली की एप्रिलमध्ये तिला तुझ्याकडे आणून सोडतो. पुढचं कॉलेज तिथेच. तिथे निदान रस्ते ओळखीचे आहेत.

तुझा,
विष्णू


बापूनगर, जयपूर
३ मार्च १९६५

आत्या,

तू आबांना लिहिलंस!

तुझी चूक नाही. "चोरूनमारून काही नाही" हे मीच लिहिलं होतं. मला क्लास म्हणायचं होतं आणि तू सगळं समजलीस. पण काल रात्री आबा नुसते माझ्या मनगटाकडे बघत राहिले, आणि ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

क्लास चालू आहे. परीक्षेचा अभ्यासही चालू आहे. हरणार असले तरी पहिल्या वर्गात हरणार.

अलका


कोल्हापूर
१० मार्च १९६५

प्रिय विष्णू,

तुझ्यापेक्षा मोठी आहे म्हणून लिहिते, आणि चूक माझ्या हातून झाली म्हणून आणखी लिहिते.

अलका माझ्याकडे यावी असं मला किती वाटतं ते तुला माहीत नाही. जानेवारीतच मी तिला तसं लिहिलं होतं. संध्याकाळी घरात शिरलं की दिवाही मीच लावायचा आणि बोलायचंही माझ्याशी मीच. पण अशी मला ती नको. माझं दार तिला सुट्टीसाठी कायम उघडं आहे. हद्दपार होऊन येणार असेल तर बंद आहे. तू फाटकाशी ट्रंक घेऊन उभा राहिलास तरी मी उघडणार नाही, आणि मी किती हट्टी आहे हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक?

तू पुरावा मागतोस. अरे, पोरीला कोंडून ठेवल्याने ती सुरक्षित राहते, ह्याचा तरी पुरावा तू कधी मागितलास का?

शकुंतलेला विचार, आई आहे ती अलकाची. तिला तू काही विचारत नाहीस असं मला नेहमी वाटतं.

तुझी,
ताई


बापूनगर, जयपूर
६ एप्रिल १९६५

ती. वन्संना,

शकुंतलेचा नमस्कार. आजवर मी तुम्हांला वेगळं पत्र लिहिलं नाही. ह्यांच्या पत्राच्या खाली दोन ओळी लिहायची जागा मिळायची, तेवढ्यात भागत होतं. आज भागणार नाही, म्हणून पुरते दोन कागद घेऊन बसले आहे.

परवा रविवारी गणगौर होती. आपली चैत्रगौर आणि इथली गणगौर एकाच दिवशी येते. सकाळी आपली गौर मांडली, आंब्याची डाळ केली, पन्हं केलं, आणि दुपारी त्रिपोलिया बाजारात मिरवणूक बघायला गेलो. अलकाची परीक्षा झाली होती, आणि तुमचं पत्र येऊनही ह्यांनी बेत बदलला नव्हता, तिची ट्रंक भरून तयार होती. ती जाण्याआधी एकदा बघून घेऊ म्हणाली, आणि तिचा चेहरा बघून ह्यांना नाही म्हणवलं नाही. हत्ती, उंट, घोडे, बँड, आणि माणसं तर विचारू नका. लाल-पिवळ्या ओढण्यांचा नुसता पूर. हे पुढे, मधे मी, मागे अलका. शेंगा घ्यायला हे थांबले, गर्दीचा लोंढा आला आणि मी एकटी बाजूला पडले.

कुणीतरी माझं मनगट धरलं. आधी वाटलं हेच. वळून बघितलं तर दुसराच माणूस, आणि मला मागच्या गल्लीकडे ओढत होता.

वन्सं, मी विचार केलाच नाही. तीन महिने अलकाचा हात मीच धरत होते ना. पोरगी माझ्या मुठीतून कुठून निघते ते माझ्या बोटांना पाठ झालं होतं. मी अंगठ्याच्या बाजूने हात वळवला आणि निघाला! त्याने दुसरा धरला. मी त्याची करंगळी पकडली आणि मागे मोडली, आणि ओरडले, "हात सोड माझा, मुडद्या!"

कसला आवाज निघाला म्हणून सांगू! मला वाटलं दुसरंच कोणी ओरडलं. बँडवाले थांबले. त्यातलं एक अक्षर तिथे कुणाला कळलं नसेल, पण सगळ्यांना सगळं कळलं. एका म्हातारीने घुंगट वर केला, "कांई होग्यो, बाईसा?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता पायातली मोजडी काढून त्याच्या डोक्यात हाणली. मग दुसरीने, मग तिसरीने. तो ज्या वाटेने मला ओढत होता त्याच वाटेने धूम पळाला. अलका गर्दी फोडत आली आणि माझ्या गळ्यात पडून हसतेय काय, रडतेय काय! खरं सांगते, इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

आणि हे चार पावलांवर शेंगांची पुडी धरून उभे होते. सगळं डोळ्यांनी बघितलं त्यांनी.

आम्ही घरी आलो. चहा झाला तेव्हा हळूच म्हणाले, "कोल्हापूरला असं झालं नसतं."

तेव्हा मी सांगितलं. म्हटलं, झालं होतं. आपल्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, जोतिबाच्या जत्रेत. तुम्ही नारळ घ्यायला थांबला होता, असेच चार पावलांवर. माझा हात असाच धरला होता, आणि मी ओरडले नाही. लोक वळून माझ्याकडे बघतील ह्याची मला लाज वाटली. कसाबसा हात हिसकला तेव्हा बांगड्या फुटल्या. सासूबाईंनी विचारलं तर म्हटलं, गर्दीत फुटल्या.

ह्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर पुढच्या वर्षीपासून जत्रा बंद झाली असती. माझी."

वन्सं, हे उठले आणि आत जाऊन अलकाच्या ट्रंकेतली पुस्तकं एकेक करून परत कपाटात लावत बसले. ती दारात उभी राहून बघत होती. शेवटचं पुस्तक ठेवून म्हणाले, "जुलैत दुसरं वर्ष सुरू होतं ना? सायकलला दिवा नवीन बसवून घेऊ." पोरीने अशी आरोळी ठोकली की माथुरीणबाई धावत आल्या. बिबट्या आला असं वाटलं त्यांना.

काल संध्याकाळी हे स्वतः देवधरांच्या क्लासला गेले होते. देवधरांची कंबर धरली आहे आणि पकडायला पुरुषमाणूस कुणी नाही. ह्यांना रजया बांधताना मी आणि अलका हसून हसून बेजार झालो. विभा नर्सने ह्यांना पहिल्याच झटक्यात झटकून टाकलं. हे चष्मा सावरत म्हणाले, "पुन्हा एकदा. तपासून बघू द्या."

तुमच्या पथकाच्या मुलींना अलकाने चित्रं काढून पाठवली, ती मी बघितली. चित्राने हे येत नाही. कुणीतरी हात धरावा लागतो. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, मी शिकवू का? त्या म्हणाल्या, तुम्हांला दोन्ही बाजू येतात, तुम्हीच शिकवा. म्हणून मे महिन्यात मी तुमच्याकडे येते आहे. हे सोबत येतो म्हणाले. मी नको म्हटलं. सवाई माधोपूरला गाडी बदलायची, मुंबईला बदलायची, पुण्याला बदलायची, सगळं विचारून ठेवलं आहे.

एकटी येते आहे. स्टेशनवर कुणाला पाठवू नका.

तुमची,
शकुंतला